पहाटे पिकअप सुरू होत नाही? पंप-नोझल खोलण्याआधी काय बघायचं

बेळगावची भाजी गोव्याला जाते ती रात्रीच. चोर्ल्याने जा की अनमोडने, घाट उतरून सकाळच्या बाजाराला पोचायचं तर पिकअप वेळेवर सुरू व्हायलाच लागते. ती झाली नाही तर मागे कोबी-फ्लॉवर भरलेला, पुढे बॉनेट उघडं आणि व्यापाऱ्याचे फोनवर फोन. आमच्या भागात बरीच मुलं जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७, टाटा एस किंवा अशोक लेलँडची दोस्त घेऊन भाड्याचा धंदा सुरू करतात. गाडी चालवणं त्यांना येतं, पण सुरू न होणाऱ्या गाडीशी काय करायचं ते कुणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

गाडी सुरू होत नाही म्हटलं की पहिला संशय पंपावर (डिझेल दाबून पाठवणारा) आणि नोझलवर (सिलिंडरमध्ये फवारा सोडणारी) घेतला जातो, म्हणजे गाडीतल्या सगळ्यांत महाग वस्तूंवर. त्या खोलल्या, बदलल्या, पैसे गेले आणि दोन दिवसांनी पहाटे परत तेच, हे मी खूप वेळा पाहिलंय. दोष बहुतेकदा एखाद्या ढिल्या क्लिपात, गंजलेल्या अर्थिंगमध्ये नाहीतर फिल्टरच्या जुन्या रबरी रिंगेत असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. जे बघायला पैसे लागत नाहीत ते आधी, आणि जे खोलल्यावर परत तसंच बसवणं अवघड ते शेवटी.

डिझेल इंजिनाला काय लागतं

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा साधारण सोळा ते वीस पट दाबतो, दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो पेटतो. त्यामुळे सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. सेल्फने (स्टार्टर मोटरने) इंजिन पुरेशा वेगाने फिरवायला हवं, मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे तरी. फवारा वेळेवर आणि नीट पडायला हवा. आणि दाबलेली हवा पुरेशी तापायला हवी. इंजिन हळू फिरलं तर हवा दाबली जाताना गळते, थंड भिंतींना उष्णता देऊन बसते आणि फवारा चांगला असूनही पेटत नाही. कमजोर बॅटरीचा दोष नोझलवर जातो तो असा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, पण इथं डिझेल गोठण्याइतकी नाही. आपल्याकडच्या मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला हवं. तेव्हा ‘थंडीनं डिझेल धरलं’ असं कुणी म्हणालं तर आधी बाकीचं तपासा.

पहिली पायरी: गाडीला नव्हे, स्वतःला विचारा

पाना घेण्याआधी वही घ्या. त्रास कधी होतो ते लिहा, कारण अर्धं निदान त्यातच असतं.

फक्त रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्यांदा त्रास, मग दिवसभर ठीक? बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिनात हवा तापवणारे), डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा किंवा उतरलेलं कॉम्प्रेशन (पिस्टनने हवेवर येणारा दाब), या चारपैकी एक.

सकाळी पटकन सुरू होते, पण अथणी-कागवाडच्या उन्हात माल उतरवून अर्ध्या तासाने सेल्फ मारला की नुसती फिरते? हा गरम इंजिनाचा दोष. झिजलेला पंप, जास्त डिझेल परत सोडणारी नोझल, नाहीतर तापल्यावर बंद पडणारा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा). सेल्फ स्वतः तापूनही जड होतो, पण तेव्हा इंजिन हळू फिरतं, हा फरक लक्षात ठेवा.

गाडी चढावर, नाक वर करून लावली की सकाळी त्रास, आणि नाक उताराकडे असलं की नाही? मग डिझेल रात्रीत टाकीकडे परत ओघळतंय. कुठून तरी हवा आत येते म्हणूनच ते मागे जाऊ शकतं. खानापूरकडच्या चढ-उताराच्या अंगणांत ही खूण स्पष्ट दिसते, आणि ती तपासायला एक रात्र उलट तोंड करून गाडी लावली तरी पुरतं.

टाकी निम्म्याच्या खाली गेली की त्रास, भरली की नाही? टाकीतल्या ओढ-नळीला वरच्या भागात चीर किंवा भोक असू शकतं.

पाऊस सुरू झाला आणि त्रास सुरू झाला? डिझेलमध्ये पाणी, नाहीतर अर्थिंगला गंज.

दुसरी पायरी: सेल्फचा आवाज

इंजिन जड, दमल्यासारखं फिरत असेल तर डिझेलकडे वळूच नका. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा मल्टिमीटर घ्या. ज्याचा धंदा गाडीवर आहे त्याने ही वस्तू डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

गाडी रात्रभर बंद असताना सकाळी बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच गाडी चालवून आला असाल तर आकडा फसवा चढलेला असतो, आधी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी गेलेली आहे, नाहीतर सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट खातोय. इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ दरम्यान हवा. तेवढा नसेल तर नवी बॅटरीही महिनाभरात तशीच होणार.

बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ जड? आता वायरी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती केबल किंवा तिची टोकं खराब. मग बॅटरीचा मायनस आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात तसंच मोजा, तिथे ०.२ ते ०.३ च्या वर नको. इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेली अर्थिंग पट्टी आमच्या भागात सगळ्यांत जास्त दुर्लक्षित असते. पावसात, शेणखताच्या आणि उसाच्या खेपांत ती आतून हिरवी पडते, वरून शाबूत दिसते. पट्टी काढा, दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून चमकवा, घट्ट बसवा आणि वर ग्रीस लावा. या कामाला खर्च नाही आणि त्याने सुटलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा असेल तर ती १२ व्होल्टचीच आहे याची खात्री करा. उसाच्या मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची जोडणी पिकअपला लावली तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळू शकतो. आणि घाटात रात्री दोर बांधून ओढून सुरू करायचा प्रयत्न करू नका. इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

तिसरी पायरी: सायलेन्सरकडे बघा

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर बघायचा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळते.

अजिबात धूर नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. पुढची पायरी डिझेल लाइन.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. पंपाला दोष देऊ नका, उष्णता कमी पडतेय: ग्लो प्लग, सेल्फचा वेग किंवा कॉम्प्रेशन. जुन्या पंपात टायमिंग हललेलं असलं तरी असं होतं. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यातल्या सीलचा) विचार करा आणि सेल्फ मारणं थांबवा.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उसाच्या हंगामात शेतातल्या फुफाट्यातून खेपा केल्या की तो लवकर तुंबतो. मग उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि थेंब टाकणारी नोझल.

चौथी पायरी: डिझेल लाइन

इथे थोडं थांबून नीट काम करायला हवं, कारण नवशिक्याला जमण्यासारखं बरंच इथेच आहे.

आधी आपली गाडी कुठल्या प्रकारची ते ओळखा. पंपापासून प्रत्येक नोझलला स्वतंत्र लोखंडी नळी जात असेल तर जुना यांत्रिक पंप. सगळ्या नळ्या एका जाड समाईक नळीतून, म्हणजे रेलमधून निघत असतील तर कॉमन रेल. देशभर धुराच्या प्रदूषणाचे एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, त्यामुळे अलीकडच्या पिकअपमध्ये कॉमन रेलच गृहीत धरा. पण डोळ्यांनी बघून खात्री करा.

मग पाणी. फिल्टरच्या किंवा सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली बसतं आणि रेघ स्पष्ट दिसते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, किंवा शेतपंपासाठी बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल गाडीत ओतल्यावर हे हमखास सापडतं. बॅरलचा तळ कधीही गाडीत ओतू नका. पावसाळ्यात रात्री टाकी भरून ठेवली की आत हवा कमी राहते आणि दव कमी धरतं.

मग हवा. ओढ-नळीला कुठे बारीक भोक असेल तर डिझेल बाहेर गळलेलं दिसेलच असं नाही, कारण तिथे पंप ओढत असतो. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं, रसाऐवजी हवाच तोंडात येते. शोधायची पद्धत सोपी आहे. फिल्टरनंतर पंपाकडे जाणाऱ्या मऊ नळीच्या जागी तेवढ्याच मापाची पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी लावा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेल्यावरही बुडबुडे येत राहिले तर हवा टाकीच्या बाजूने येतेय. मग नळी एकेक टप्पा मागे सरकवत जा. बुडबुडे थांबले की दोष त्या टप्प्याच्या पुढे, पंपाच्या बाजूला.

सापडण्याच्या जागा ठरलेल्या: तडकलेली रबरी नळी, ढिली क्लिप, बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) दाबून सपाट झालेले तांब्याचे वॉशर, हँड प्रायमरचं (हाताने डिझेल ढकलायच्या छोट्या पंपाचं) जुनं रबर, आणि फिल्टर बदलताना आधीची रिंग तशीच राहून तिच्यावर बसवलेली दुसरी रिंग. फिल्टर बदलल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर आधी ही रिंगच बघा.

जुन्या पंपाची एअर अशी काढतात: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हँड प्रायमर दाबत राहायचं, फेस संपून सलग डिझेल आलं की दाबत असतानाच स्क्रू घट्ट करायचा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच. तरी धरत नसेल तर नोझलकडच्या नट्स अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल उसळलं की आवळायच्या. या पंपाला स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारी विजेवरची झडप) असेल तर चावी फिरवल्यावर ‘टक’ आवाज येतो का ऐका. आवाज नाही आणि वायरीत १२ व्होल्ट आहेत, तर सोलेनॉइडच गेलंय.

कॉमन रेल गाडीत हे नट सैल करणं पूर्णपणे वर्ज्य. चालू इंजिनात रेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या (बार हे दाबाचं माप) वर जातो आणि तिथून सुटलेली बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जायचं आणि डिझेल आत गेल्याचं डॉक्टरांना सांगायचं. या गाडीत फक्त प्रायमर कडक होईपर्यंत दाबायचा, किंवा टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी काही वेळा ऑन-ऑफ करायची. नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका, न गाळलेला कण सरळ पंपात जातो.

डिझेल स्वच्छ, हवा नाही, तरी धूर नाही? मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा हलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. गाडी गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावून बघा.

यापुढे स्कॅनर लागतो. मेस्त्रीकडे गेलात तर नुसता कोड वाचून थांबू नका, सेल्फ मारताना रेलचा दाब किती येतो ते विचारा. साधारण दोनशे बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ईसीयू फवारा सोडत नाही, नेमका आकडा इंजिनानुसार बदलतो. दाब येत नसेल तर नोझलची रिटर्न चाचणी करायला सांगा. प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावतात आणि सेल्फ मारतात किंवा इंजिन चालवतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर ती एकच नोझल दोषी. चारही बदलायची बोली कुणी केली तर ही बाटल्यांची चाचणी तुमच्यासमोर करून मागा. सगळ्या बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तरीही दाब नाही, तर मग पंप, त्यावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि दाबाचा सेन्सर.

गरम झाल्यावर सुरू न होणाऱ्या जुन्या रोटरी पंपासाठी एक जुनी परीक्षा आहे: पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबा. मग सुरू झाली तर पंपाचं हेड झिजलंय. तापल्यावर डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं. पाणी मात्र ओतू नका.

पाचवी पायरी: ग्लो प्लग

सगळ्या पिकअपना ग्लो प्लग नसतात. तुमच्या गाडीला असतील आणि पहाटे पांढरा धूर येत असेल तर आधी प्लगना जोडणारी पट्टी सोडा आणि प्रत्येकाचा रोध मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. सगळे चांगले असतील तर पट्टीवर चावी ऑन केल्यावर करंट येतो का बघा, नसेल तर रिले किंवा जाड फ्यूज. प्लगला थेट बॅटरी लावून लाल होतो का बघण्याची सवय सोडा, नव्या इंजिनांतले काही प्लग कमी व्होल्टचे असतात आणि क्षणात जळतात. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या. जोर लावून तुटला तर हेड उतरवावं लागतं.

हवेच्या नळीत ईथरचा स्प्रे मारणं किंवा पेट्रोलचा बोळा धरणं, दोन्ही करू नका. तापलेल्या ग्लो प्लगवर ते अवेळी भडकतं आणि पिस्टन किंवा रिंगा फुटतात.

शेवटी कॉम्प्रेशन

सेल्फ जोरात, डिझेल नीट, ग्लो प्लग चांगले आणि तरी पहाटे पांढरा धूर सोडत बराच वेळ घेते, ऑइल खाते, ऑइल भरायचं झाकण काढल्यावर इंजिन फकफक वाफ सोडतं. आता बोअर-रिंगांचा (सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा) विचार करा, पण त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मोजून घ्या. व्हॉल्व्हची फट संपली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं, तिथे काम तासाभराचं असतं. मग डिझेल इंजिनाचा कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडर मोजायला सांगा. चांगलं इंजिन साधारण वीस ते तीस बार दाखवतं, आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर दोष तिथेच आहे. हे आकडे कागदावर घेतल्याशिवाय ओव्हरहॉलिंगला हो म्हणू नका.

जुनी गाडी बघायला जाताना, ती केए-२२ असो, केए-२३ असो की कोल्हापूरकडची एमएच-०९, विकणाऱ्याला गाडी आधी सुरू करू नका असं सांगून भल्या सकाळी पोचा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी जा. वर लिहिलेला प्रत्येक दोष गरम इंजिनात लपतो, अपवाद फक्त गरम झाल्यावरच दिसणाऱ्यांचा. त्यासाठी अर्धा तास चालवून, बंद करून, वीस मिनिटं चहा घेऊन पुन्हा सेल्फ मारा.

दुरुस्तीचंही तेच. गॅरेजमध्ये गाडी दिवसभर सुरू-बंद होत असते, संध्याकाळी ती सुरू होणारच. पैसे पूर्ण देण्याआधी मेस्त्रीशी बोलून ठेवा की गाडी रात्रभर, नेहमी लावता त्याच जागी, त्याच तोंडाने उभी राहील आणि पहाटेचा पहिला सेल्फ बघून बाकी रक्कम मिळेल. चांगला मेस्त्री याला नाही म्हणत नाही.